अंबाबाईचं देऊळ जोत्यापासून बघताना

सोलापुरातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दर कोजागरीला ते तुळजापूरला चालत जातात. यंदा आईला घेऊन पहिल्यांदाच कोल्हापूरला अंबाबाईच्या, म्हणजे महालक्ष्मीच्या दर्शनाला गेले. तिथं कुणी सांगितलं, देऊळ हेमाडपंथी आहे. कुणी म्हणालं, दोन हजार वर्षांचं आहे. त्यांना विचारायचंय की हे देऊळ खरं किती जुनं, बाहेरच्या भिंतीवरच्या त्या बायका कोण, मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव जमतो कसा, आणि आईचा प्रश्न असा की ही विष्णूची लक्ष्मी असेल तर पाठीमागे सिंह कसा?

जुन्या दगडी देवळांच्या दुरुस्तीची कामं मी सव्वीस वर्षं करतोय. बरंचसं काम भीमा-सीनेच्या काठानं आणि बालाघाटाच्या पायथ्याला झालं. कोल्हापूरला मात्र मी शिकायला जातो. विद्यार्थ्यांना घेऊन जितक्या वेळा गेलो, तितक्या वेळा काहीतरी नवं दिसलं. त्यामुळं उत्तर लांबणार आहे.

आधी ‘हेमाडपंथी’ या शब्दाचं बघू, कारण बघणाऱ्याची वाट तिथंच चुकते. मुळात शब्द ‘हेमाडपंती’, म्हणजे हेमाडपंताचा. पंथाशी त्याचा संबंध नाही. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आता अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. तेही दगडावर दगड बसवून, चुना न वापरता रचलेलं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडल बघा. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख तुळईवर कोरलेला आहे. तेव्हा बिनचुन्याची बांधणी हेमाद्रीनं शोधलेली नाही. ती दख्खनच्या पाथरवटांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. हेमाडपंती म्हटल्यानं एवढंच कळतं की दगड कोरडे रचलेत. कुणी बांधलं, कधी बांधलं, कुठल्या घडणीचं, यातलं काहीच कळत नाही. आणि एकदा शिक्का मारला की माणूस पुढं बघायचं सोडतो, हे मला फार लागतं.

अंबाबाईच्या देवळाला तर एक वय नाहीच. मी सोबतच्यांना सांगतो, ‘देऊळ किती जुनं’ असं विचारू नका, ‘हा दगड किती जुना’ असं विचारा. कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवून घेत, म्हणजे महालक्ष्मीच्या वरानं सगळं मिळालेले. अकराव्या-बाराव्या शतकात देवीचं ठाणं किती मोठं होतं, ते या एका बिरुदावरून समजतं. त्याही मागं जायचं तर राष्ट्रकूटांचा संजानचा ताम्रपट आहे, शके ७९३ चा, म्हणजे इ.स. ८७१. प्रजेवरचं संकट टळावं म्हणून अमोघवर्ष राजानं आपलं बोट महालक्ष्मीला वाहिलं, असं त्यात लिहिलंय. ही महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणानं शिलाहार दुसऱ्या भोजाचा पाडाव केला आणि हा मुलूख देवगिरीकडं गेला. पुढं धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवावी लागली. ती पुन्हा सिंहासनावर बसली १७१५ च्या विजयादशमीला. एवढ्या हातांनी जपलेल्या देवळाला एकच सन चिकटवणं बरोबर नाही.

आता प्रत्यक्ष देवळात. महाद्वारातून, म्हणजे पश्चिमेकडून आत आलात की समोर गरुडमंडप लागतो. लाकडी खांब, वर महिरपी. ही मराठा वळणाची घडण, आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या सदरेशी नातं सांगणारी. दोन पावलं पुढं टाकली की लाकूड संपतं आणि दगड सुरू होतो. त्या सांध्यावर जरा थांबा. पायाखालची फरशी बघा, मग छताकडं बघा. खांबांमधलं अंतर एकदम कमी होतं, उजेड कमी होतो, हवा गार लागते. शेकडो वर्षांचं अंतर तुम्ही दोन पावलांत तुडवलेलं असतं. रांगेतली माणसं मागून ढकलत असतात हे मला माहीत आहे, म्हणून गर्दीचा दिवस टाळून जा.

दगडी मंडपात खांब इतके दाट का, असं पुष्कळजण विचारतात. दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. तुळई म्हणून आडवा टाकला की त्याच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि लांबी वाढली की तो मधोमध तडकतो. काळ्या बसाल्टचा एक घनमीटर तुकडा पावणेतीन-तीन टनांच्या आसपास भरतो. अडीच मीटर लांब आणि अर्धा-अर्धा मीटर जाडी-रुंदीची तुळई धरली तर पावणेदोन टनांच्या पुढं गेली. ही उचलायची, वर न्यायची आणि खांबाच्या हस्तावर, म्हणजे माथ्यावरच्या पुढं आलेल्या आधारावर, अशी बसवायची की फट राहू नये. म्हणून अंतर कमी, खांब जास्त. खांब तर असे की चरकावर कातलेत असं वाटावं. खाली चौकोन, मग अष्टकोन, मग गोल, मध्येच धारदार वळी. त्या कडेवरून हलकेच नजर फिरवा. बसाल्ट हा कठीण दगड आहे, छिन्नी जरा चुकली की टवका उडतो. टवका उडालेला खांब बदलायचा म्हणजे महिन्यांची मेहनत वाया. तिथं एकही कड ‘चालेल’ म्हणून सोडलेली नाही.

देवीचा गाभारा पूर्वेला, उत्तरेला महाकाली, दक्षिणेला महासरस्वती. तीन गाभारे आणि मध्ये एकच मंडप, म्हणून याला त्रिकूट म्हणतात. देवीकडं तोंड करून उभं राहिलं तर महाकाली तुमच्या डाव्या हाताला. मुख्य गाभाऱ्याभोवती आतून फिरायला चिंचोळी, अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. अशा रचनेला सांधार म्हणतात. या वाटेचा भाविकांना उपयोग आहेच, पण बांधकामालाही आहे. वाटेमुळं गाभाऱ्याला दोन भिंती मिळाल्या, एक आतली आणि एक बाहेरची. आणि हे ओझं पेलायला दोन भिंती लागतातच, कारण देवीच्या गाभाऱ्यावर आणखी एक गाभारा आहे, मातुलिंगाचा. वर शिवलिंग आणि समोर नंदी. देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या पुष्कळ लोकांना आपल्या डोक्यावर महादेव आहे याची कल्पनाही नसते.

आता आईंच्या प्रश्नाकडं येतो, कारण मातुलिंगाशी त्याचा जवळचा संबंध आहे. मूर्ती साधारण तीन फुटांची, काळ्या पाषाणाची, चार हातांची. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, म्हणजे लिंबाच्या जातीचं मोठं फळ, वरच्या हातात गदा. डाव्या वरच्या हातात खेटक म्हणजे ढाल, खालच्या हातात पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. पाठीशी सिंह. विष्णुपत्नी लक्ष्मी घडवायची तर कारागीर तिच्या हातात कमळं देतो, दोन बाजूंना हत्ती उभे करतो. इथं त्यातलं काही नाही. सप्तशतीच्या शेवटी जे प्राधानिक रहस्य वाचतात, त्यात महालक्ष्मीचं वर्णन अगदी असंच आहे: मातुलिंग, गदा, खेट, पानपात्र आणि मस्तकी नाग, लिंग, योनी. तिथं ही महालक्ष्मी कुणाची पत्नी नाही. ती आद्या आहे, त्रिगुणा आहे, महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासूनच प्रकटतात. आता त्रिकूट पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मध्ये महालक्ष्मी, दोन्ही अंगांना त्या दोघी. त्या वर्णनात जो विचार आहे तोच इथल्या जमिनीवर तीन गाभाऱ्यांच्या रूपानं मांडलेला आहे. आणि मूर्तीच्या मस्तकावर जसं लिंग, तसंच गाभाऱ्याच्या मस्तकावर मातुलिंग. हा जुळलेला योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही. म्हाळुंगाला संस्कृतात मातुलिंग म्हणतात, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा आईंना सांगा, त्यांना खटकलं ते बरोबर खटकलं. सिंह शक्तीचा आहे आणि तो तिथं हवाच. साडी-चोळी, दागिने, फुलं यांत आयुधं झाकली जातात, म्हणून दर्शनाच्या वेळी मूर्तिशास्त्र दिसत नाही. त्यात वाईट काही नाही, देवी नांदती आहे. फक्त मूर्ती ओळखायची असेल तर हात बघायचे, अलंकारावर जायचं नाही. हीच गोष्ट तुळजापूरला करा. तिथं आठ हात, महिषासुर, सिंह, दोन बाजूंना चंद्र-सूर्य आणि मार्कंडेय ऋषी. ती उघड महिषासुरमर्दिनी.

दोन्ही ठिकाणांत एक फरक असा आहे की तो कळला की देवळाकडं बघायची नजरच बदलते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा कोजागरीच्या पौर्णिमेला संपते आणि देवी पुन्हा सिंहासनावर येते. तुम्ही सोलापुरातून रात्रभर पंचेचाळीस किलोमीटर चालत जाता ते नेमकं त्या घटकेला. तिथं देवी हलते, म्हणून तिच्या पूजेत काळाला, निद्रेला, जागं होण्याला महत्त्व. कोल्हापूरला देवी आपल्या जागी बसलेली आहे आणि तिच्याकडं सूर्य येतो.

किरणोत्सवाचं गणित साधं आहे, पण अंमलात आणायला भलतं कठीण. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे ते दिवस. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्या दिवसापासून मागं मोजा, ४१-४२ दिवस. पुढं मोजा, तेवढेच. म्हणजे जाताना आणि येताना सूर्य एकाच जागी मावळतो, नेमक्या पश्चिमेपासून साधारण अठरा अंश दक्षिणेला. देवळाचा अक्ष त्या दिशेला लावला की झालं. पण अक्ष लावणं पुरेसं नाही. महाद्वार, मंडप, दोन खांबांमधली फट, गाभाऱ्याचा दरवाजा आणि मूर्ती या सगळ्यांची मध्यरेषा एक पाहिजे आणि उंच्याही जुळल्या पाहिजेत. सूर्य खाली उतरतो तशी तिरीप आडवी होत जाते, म्हणून उजेड आधी उंबऱ्यावर, मग चरणांवर, मग वर कटीपर्यंत, छातीपर्यंत चढतो. परंपरेनं पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्य, तिसऱ्या दिवशी मुख असं म्हणतात. क्षितिजाजवळ धूळ, ढग किंवा बाष्प असलं की शेवटची दोन-चार मिनिटं हुकतात आणि किरणं मुखापर्यंत पोचत नाहीत. वाटेत एखादी इमारत उंच झाली, फलक लागला, वायर आडवी आली, तरी तेच. ही वाट देवळाच्या बाहेर गावात लांबवर जाते, म्हणून मी म्हणतो की कोल्हापूरचं देऊळ महाद्वारापाशी संपत नाही. तो रस्ता, त्या रस्त्यावरची मोकळी हवा, हाही देवळाचाच भाग आहे. दगड जपायचे आणि ही वाट बुजू द्यायची, याला जतन म्हणता येणार नाही.

आता बाहेरच्या भिंती. यासाठी सकाळी जा, आठ ते दहाच्या दरम्यान. ऊन तिरकं असतं तेव्हाच उठाव दिसतो, दुपारी बारानंतर सगळं सपाट होतं. भिंत खालून वर बघायची. सर्वांत खाली जोतं, शास्त्रात त्याला अधिष्ठान म्हणतात. त्यात आडवे थर आहेत, कुठं खुरासारखा, कुठं कलशासारखा, कुठं चाकूच्या पात्यासारखा पुढं आलेला. ही पावसाची सोय आहे, पाणी भिंतीला न चिकटता थराच्या कडेवरून खाली टपकतं. त्याच्या वर जंघा, म्हणजे भिंतीचं मुख्य अंग. ती सरळ नाही, कोनाकोनानं मागंपुढं होते. त्यामुळं सावल्या पडतात आणि सावल्यांमुळं एवढी जड भिंत हलकी वाटते. याच जंघेवर तुम्ही विचारलेल्या त्या बायका.

लोक त्यांना सरसकट चौसष्ट योगिनी म्हणतात. प्रत्येकीपाशी थांबून तीन गोष्टी बघा: हात किती, हातात काय, पायाशी कोण. वाहन असेल, शस्त्र असेल, दोनाहून जास्त हात असतील, तर ती देवता आहे. योगिनी असू शकते, मातृका असू शकते. पण दोनच हात असतील आणि ती काहीतरी करत असेल, मृदंग वाजवत असेल, आरशात बघत असेल, केस पिळत असेल, पोपटाशी बोलत असेल, लेकरू कडेवर असेल, तर ती सुरसुंदरी. शिल्पग्रंथांत त्यांना नावंही आहेत. मृदंग वाजवणारी मर्दला, आरसा घेतलेली दर्पणा, केस पिळणारी कर्पूरमंजरी, लेकुरवाळी पुत्रवल्लभा. कर्पूरमंजरीच्या केसांतून गळणारे थेंब खाली हंस मोती समजून टिपत असतो. अशी मूर्ती कुठंही भेटली तर हंस शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सुरसुंदरी देवळावर कशाला, हा प्रश्न मला शाळकरी मुलीपासून निवृत्त न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. माझं उत्तर असं की गाभाऱ्यात देवी एकटी, स्थिर, अंधारात. बाहेर तिचंच सामर्थ्य हालचालीच्या रूपानं पसरलेलं असतं. वाजवणं, नटणं, लेकराला पाजणं, पत्र लिहिणं, हे सगळं तिच्या राज्यातलं जगणं आहे. देवीच्या देवळावर तर ते जास्तच शोभतं. शिवाय पाथरवटाला देवतेच्या मूर्तीत मापाबाहेर जाता येत नाही, तालमान ठरलेलं असतं. सुरसुंदरीत त्याला मोकळीक मिळते. कंबरेचं वळण, मान मागं वळवून बघण्याची लकब, पायातला काटा काढताना मोडलेली पोटरी, ही त्याची स्वतःची. आपल्या मोहोळ तालुक्यातल्या कोरवलीच्या देवळावरही सुरसुंदरी आहेत. सोलापूरकरांनी त्या बघितलेल्या नसतात आणि खजुराहोचं तिकीट काढतात, याचं मला वाईट वाटतं.

वरची शिखरं झटपट सांगतो. ती चुन्यात बांधलेली, खालच्या दगडी कामाच्या कितीतरी नंतरची. मूळ शिखराची कल्पना त्यांच्यावरून करू नका. आवारातली छोटी देवळंही वेगवेगळ्या काळातली आहेत, पण पूर्वेकडचा शेषशायी विष्णू चुकवू नका. त्याच्या मंडपाच्या छताशी जैन तीर्थंकरांच्या छोट्या मूर्तींची रांग आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राज्यात जैन, शैव, वैष्णव, शाक्त एकाच गावात कसे नांदत होते, ते तिथं मान वर करून वाचता येतं.

तुम्ही विचारलं नाही, पण एक सांगितल्यावाचून राहवत नाही. मी नवखा होतो तेव्हा भीमाकाठच्या एका गावात देवीच्या जुन्या देवळाचं काम चाललं होतं. गावकऱ्यांची श्रद्धा मोठी, पैसेही जमले होते. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं आणि आत-बाहेर ऑइलपेंट मारला. मला ते तेव्हा चुकीचं वाटलं, पण ठामपणे बोललो नाही. पाच-सहा पावसाळ्यांनी पुन्हा गेलो तर दगडाचे पापुद्रे सुटत होते आणि दाराच्या कोरीव चौकटीवरच्या एका प्रतिहारिणीचा, म्हणजे द्वारपालिकेचा, चेहरा पूर्ण गेला होता. कारण सरळ आहे. कोरड्या सांध्यांतून देऊळ श्वास घेतं, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. सिमेंटनं ती वाट बंद झाली की पाणी दगडाच्या अंगातूनच बाहेर पडायला बघतं, येताना क्षार आणतं, ते पृष्ठभागामागं साठतात, फुगतात आणि वरचा थर ढकलून देतात. कोरीव काम त्याच वरच्या थरात असतं. रंग काढायला मग कुणीतरी वाळूचा फवारा मारतं आणि छिन्नीच्या उरल्यासुरल्या खुणाही जातात. तुमच्या गावात देवीच्या देवळाची दुरुस्ती निघाली तर आधी चार गोष्टी करून घ्या: छपरावरची झाडंझुडं मुळासकट काढणं, पन्हळी मोकळ्या करणं, जोत्याभोवतीची चढलेली माती उतरवणं आणि प्रत्येक दगडाचा फोटो. यात सिमेंटची एक पिशवीही लागत नाही आणि निम्मी दुखणी इथंच थांबतात.

अंबाबाईच्या मूर्तीचीही झीज झालेली आहे. शतकानुशतकांचे अभिषेक, हळद-कुंकू, गाभाऱ्यातली दमट उष्ण हवा यांनी पाषाणही थकतो. २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तिचं रासायनिक संवर्धन झालं.

पुढच्या वेळी कोल्हापूरला जाण्याआधी एका रविवारी आईंना घेऊन कुडलला जा. सीना आणि भीमेचा संगम, गर्दी नाही, मागून ढकलणारं कुणी नाही. जोतं, जंघा, खांब, तुळई, छत हे सगळं तिथं हाताच्या अंतरावर आहे. हरिहरेश्वराच्या देवळातलं ३५९ मुखांचं शिवलिंग बघा, आणि मग संगमेश्वराच्या मंडपात जाऊन तुळईवरचा तो लेख शोधा. हजार वर्षांपूर्वीच्या मराठीत तिथं लिहिलंय की जो हे वाचील तो विजयी होईल. टॉर्च सोबत ठेवा आणि उजेड समोरून न टाकता बाजूनं तिरका टाका, म्हणजे अक्षरं उठून येतील.